गच्चीवरून मिथुनेचा उल्कावर्षाव: डोंबिवलीतून काय दिसेल?

डोंबिवलीकरीण | ११ डिसेंबर २०२३, रात्री ९:४०

मंडळी, येत्या गुरुवारी, १४ तारखेला रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे. सकाळपासून व्हॉट्सॲपवर तीन ग्रुपांत एकच फॉरवर्ड येऊन गेला: "ताशी १५० उल्का, आयुष्यात एकदाच!" दर डिसेंबरात असतो एवढं मलाही ठाऊक आहे, त्यामुळे 'एकदाच'वर माझा विश्वास नाही. त्या दीडशेचं काय ते मात्र विचारायचंय.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. सात मजल्यांची इमारत. गच्चीवरून चारही बाजूंना आकाशाची कड फिकट पांढरी दिसते, वर जरा काळपट. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले तेव्हापासून ती कड अजून वर चढल्यासारखी वाटते. त्यात गेल्या वर्षी चोरीच्या भीतीने सोसायटीने गच्चीवरच एक फोकस बसवला आहे. तो रात्रभर जळतो आणि नेमका बसायच्या जागेवर पडतो. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. दहानंतर किल्ली मागायची म्हणजे कारण सांगावं लागतं.

मागे एकदा ऑगस्टात ययातीचा उल्कावर्षाव बघायला गेलो होतो. दोन तास ढग आणि डास. नवरा अजून ऐकवतो.

गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, घरी घट मांडणार, उपवास सोडायलाच साडेआठ-नऊ होतील. शुक्रवारी ऑफिस. गाडी काढून कुठे अंधारात जाणं जमणार नाही. तर गच्चीवरूनच बघायचं ठरवलं तर

किती वाजता जाऊ? कुठल्या दिशेला बघू? लेकाची खेळण्यातली दुर्बीण आहे, ती न्यावी का? आणि मुख्य म्हणजे, खरंच काही दिसेल का?

---

रुमालवाला | ११ डिसेंबर, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. आम्ही पण त्याच लायनीत, ठाकुर्ली.

---

भटक्या_६२ | ११ डिसेंबर, रात्री १०:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डोंबिवलीच्या गच्चीवरून उल्का बघणं म्हणजे मंडईच्या गलक्यात सतारवादन ऐकणं. आमच्या वेळी वांगणीला खगोल मंडळाच्या कार्यक्रमांना जायचो, शेवटची कर्जत लोकल पकडून. रात्रभर शेतात सतरंजीवर. हल्ली वांगणीही उजळली म्हणतात. मी गुरुवारी गाडी काढून घाटापलीकडे जाणार आहे, लोणावळ्याच्याही पुढे पवनेच्या बाजूला. अंधार नसेल तर झोपलेलं बरं.

---

तुटका_तारा | ११ डिसेंबर, रात्री १०:२१

डोंबिवलीत रात्री आकाशातून काहीतरी पडताना दिसलं तर ती उल्काच असेल असं नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी टाकलेला कचरासुद्धा असू शकतो. :)

---

खमध्य | १२ डिसेंबर, सकाळी ७:०५

डोंबिवलीकरीणताई, मी पुण्यात कोथरूडला राहतो. तीसेक वर्षं हे वेड आहे आणि त्यातली निम्मी निरीक्षणं गच्चीवरचीच. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

ताशी १५० हा आकडा बरोबर आहे, पण ते एक प्रमाणित गणित आहे. उल्कावर्षावाचा उगमबिंदू, म्हणजे सगळ्या उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती आकाशातली जागा, बरोबर खमध्यावर म्हणजे डोक्यावर आहे आणि आकाश इतकं काळं आहे की ६.५ प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांना दिसतो, असं त्यात धरलेलं असतं. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा मोठा तितका तारा अंधुक.) अंधुक उल्का संख्येने खूप असतात आणि ठळक थोड्या. म्हणून आकाश उजळलं की अंधुकांची ती अख्खी गर्दी गायब होते. मिथुनेच्या उल्कांसाठी साधा हिशोब असा: तुमच्या आकाशाची मर्यादा, म्हणजे दिसणाऱ्या सगळ्यात अंधुक ताऱ्याची प्रत, एकाने घसरली की आकडा सुमारे २.६ ने भागायचा.

डोंबिवलीत तुम्हाला ४ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात असं धरू. अडीच प्रतींचा फरक पडला, म्हणजे सुमारे ११ ने भागा. दीडशेचे झाले चौदा. रात्री साडेबाराला उगमबिंदू साधारण ६० अंश वर असेल, त्यामुळे आणखी थोडे कमी, बारा. ताशी बारा म्हणजे सरासरी पाच मिनिटांना एक. मर्यादा ३.५ असली तर ताशी सात-आठ.

आता तुमचं आकाश ४ चं आहे की ३.५ चं हे ठरवायला यंत्र लागत नाही. कृत्तिका बघा. किती वेगळ्या तारका मोजता येतात? चार आल्या तर मर्यादा चारच्या आसपास. नुसताच धुरकट ठिपका दिसला तर तीन-साडेतीन. मृगाच्या खांद्यांच्या वर मधोमध डोक्याचा एक बारीक तारा आहे, तोही दिसतो का बघा. तो साडेतीन प्रतीच्या जवळचा आहे.

वेळ: यंदा महत्तम, म्हणजे वर्षाव सगळ्यात जोरात असतो ती वेळ, साधारण आपल्या मध्यरात्रीनंतर आहे, तेही अमावास्येनंतर दोनच दिवसांनी. चंद्राची कटकट नाही. असा योग दरवर्षी नसतो, तेवढ्यापुरतं तुमच्या फॉरवर्डवाल्याला माफ करा. दहाला उगमबिंदू पूर्व-ईशान्येला जेमतेम २८ अंशांवर असतो, तेव्हा साडेबाराच्या निम्म्याच दिसतील. मिथुनेचे दोन तारे, कॅस्टर आणि पोलक्स, आपल्या पुनर्वसूतले. उगमबिंदू कॅस्टरला लागून. साडेबाराला मृग दक्षिणेला उंच, जवळपास माथ्यावर आलेला असेल. बारा ते दीड बसा.

दिशा: उगमबिंदूकडे टक लावू नका. तिथल्या उल्का आपल्याच दिशेने येत असतात, त्यांची रेघ आखूड दिसते. त्याच्यापासून ४०-५० अंश बाजूला आणि शक्य तितकं वर बघा. शहरात सगळ्यात काळं आकाश डोक्यावरच असतं. दुर्बीण लेकाकडेच राहू द्या. उल्केला मोठं आकाश लागतं, दुर्बिणीत आकाशाचा एवढासा तुकडा मावतो.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. शहराचा उजेड दोन तऱ्हेचा. एक आभाळात पसरलेला, धूळ-धुरावरून परतणारा. त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. दुसरा थेट डोळ्यांत घुसणारा, तुमचा तो फोकस. तो डोळ्याला अंधाराची सवय होऊच देत नाही. सवयीला निदान वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की पुन्हा श्रीगणेशा. फोकस बंद होत नसेल तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाका. तीही नसेल तर दोन काठ्यांवर जुनी चादर बांधा. मी वर्षानुवर्षं टाकीआड बसतो. बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावा.

---

सातारकर_वहिनी | १२ डिसेंबर, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. आम्ही वाईजवळच्या गावी आहोत या आठवड्यात, अंगणातूनच बघणार. एक शंका: धूमकेतूच्या शेपटीतल्या धुळीमुळे उल्कावर्षाव होतो असं शाळेत शिकलो. मिथुनेचा धूमकेतू कोणता?

---

खमध्य | १२ डिसेंबर, दुपारी १२:१०

वहिनी, गंमत तिथेच आहे. याचा जनक रूढ अर्थाने धूमकेतू नाहीच. ३२०० फेथॉन नावाचा लघुग्रह आहे, पाच-सहा किलोमीटरचा. १९८३मध्ये आयआरएएस या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाने टिपलेल्या निरीक्षणांतून सापडला. त्याची कक्षा मिथुनेच्या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी लगेच दाखवून दिलं. साधारण १.४ वर्षांत सूर्याला फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत बुधाच्या कक्षेच्याही पार आत शिरतो. त्याचे कण सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात. ययातीच्या उल्का ५९ने. म्हणून मिथुनेची उल्का जरा सावकाश जाते, शेजारच्याला "ते बघ" म्हणेपर्यंत कधीकधी टिकते. शहरवाल्यांना हा मोठाच फायदा.

---

आजोळ | १२ डिसेंबर, दुपारी ३:४५

१९९८चा सिंहेचा उल्कावर्षाव कोणाला आठवतो का? नोव्हेंबरात. पेपरांत महिनाभर आधीपासून चर्चा. मी तेव्हा आठवीत, नगर जिल्ह्यात आजोळी. १७ तारखेची रात्र सांगितली होती. अख्खा वाडा जागा, मामाने शेकोटी केली, भुईमुगाच्या शेंगा भाजल्या. दिसल्या मोजून वीस-एक, त्याही बारक्या. सगळे मामावर चिडले. आणि दूध घालायला येणारे नाना शांतपणे म्हणाले, "काल पहाटे काय पडत होतं! रस्ता उजळत होता." आम्हाला वाटलं थापा मारतात. पुढे कॉलेजात कळलं की त्या वर्षी मोठे अग्निगोल ठरलेल्या वेळेच्या सुमारे १६ तास आधीच येऊन गेले होते. नाना खरंच बोलत होते. ते आता नाहीत. आजी मात्र तारा तुटला की "गेलं कोणीतरी" म्हणून हात जोडायची, त्या रात्री वीस वेळा जोडले.

---

तुटका_तारा | १२ डिसेंबर, दुपारी ४:०२

म्हणजे आकाशसुद्धा मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाने चालत नाही. फक्त इथे गाडी आधी येते.

---

भटक्या_६२ | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

खमध्य यांचा हिशोब मान्य. पण तेच सूत्र माझ्या बाजूने लावा की. ६ प्रतीचं आकाश मिळालं तर ताशी ८० होतात. बारा कुठे, ऐंशी कुठे!

---

खमध्य | १२ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

मान्य. पण गाडी चालवताना मोजल्या जाणार नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

---

वाळवंटी_माणूस | १३ डिसेंबर, रात्री ११:२०

दुबईहून. इथे शहरातून तर मृगसुद्धा केविलवाणा दिसतो. आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं अल कुद्राच्या वाळवंटात जाणार आहोत, थर्मास आणि थालीपिठं घेऊन. आमची घड्याळं तुमच्या दीड तास मागे. दिसल्या तर कळवतो.

---

डोंबिवलीकरीण | १४ डिसेंबर, दुपारी १:१०

ताजी बातमी. सेक्रेटरीकाकांना सांगितलं, "मार्गशीर्ष गुरुवार आहे, रात्री गच्चीवर जरा दर्शन घ्यायचंय." खोटं नाही ना बोलले? किल्ली मिळाली. फोकसची मात्र "कमिटीत विचारावं लागेल". टाकीची सावली मी काल रात्री जाऊन बघून आले. फोकसचा उजेड टाकीच्या बरोब्बर एका बाजूला पडतो, दुसऱ्या बाजूला चार माणसं झोपतील एवढी काळी पट्टी आहे. आठ वर्षं इथे राहतेय, ती पट्टी कधी दिसलीच नव्हती.

---

डोंबिवलीकरीण | १५ डिसेंबर, सकाळी ८:३५

लोकलमधून लिहितेय, झोप झालेली नाही, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पावणेबाराला वर गेलो. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी झालंय, "मला काय दिसणार" म्हणत होत्या. उपवासाची दमलेली मंडळी, नवरा पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागला.

टाकीआड सतरंजी, खाली थर्माकोलच्या शीट्स, वर गोधडी. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. विमानं मात्र रांगेने. लेक प्रत्येकाला "उल्का!" म्हणून उठायचा. मग त्यालाच कळलं की लुकलुकतं ते विमान, संथ सरळ जातो तो उपग्रह, आणि उल्का म्हणजे मान वळवेपर्यंत संपलेली रेघ.

कृत्तिका मोजली. मला चार. सासूबाईंना पाच! ऑपरेशन झालेला डोळा जिंकला. त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत एवढे तारे बघितले नव्हते, मला वाटलं मुंबईने खाल्ले."

बारा पाचला पहिली. मृगाच्या पट्ट्याखालून बारीक पांढरी रेघ. मग बारा ते दीड मिळून पंधरा. मी वहीत रेघा मारत होते, लाल जिलेटिनच्या उजेडात, सकाळी बघितलं तर रेघा एकमेकींवर चढल्यात. त्यातल्या दोन उलट्या दिशेने गेल्या, पुनर्वसूकडे मागे खेचल्या तर जुळल्या नाहीत, म्हणून वेगळ्या धरल्या. म्हणजे मिथुनेच्या तेरा.

आणि एक वाजून सतरा मिनिटांनी ती. मी वहीत बघत होते. सासूबाई एकदम उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई!" मी वर बघितलं तेव्हा नुसता हिरवट-पिवळा माग उरला होता, व्याध आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या मधोमध, खाली दक्षिणेकडे गेलेला. लेकाला पूर्ण दिसली. म्हणाला गच्चीवर सावली पडली होती. सासूबाई म्हणतात पडली नाही, पण अनारासारखी फुटली. हात जोडले त्यांनी. नवऱ्याला काहीही दिसलं नाही, तो सकाळपासून तुम्हा सगळ्यांवर रुसलाय.

---

सातारकर_वहिनी | १५ डिसेंबर, सकाळी १०:०५

थांबा थांबा! एक सतरा? आम्हालाही एक दिसली तेव्हाच! एक वाजून सतरा की अठरा, दिरांच्या घड्याळात. अंगणातून उत्तरेला, थोडी वायव्येकडे झुकलेली, ब्रह्महृदय ताऱ्याच्या बऱ्याच खाली. क्षितिजापासून माथ्यापर्यंत अर्ध्याच्या जरा खालीच म्हणा. खाली घसरत गेली आणि शेवटी भडकली. बाकी आमच्या एका तासात ७३ झाल्या. जास्त लिहीत नाही, डोंबिवलीकरांना वाईट वाटेल.

---

खमध्य | १५ डिसेंबर, सकाळी ११:४०

वहिनी, ताई, हे फार छान झालं. मलाही कोथरूडहून तीच दिसली. १:१७. माझ्या वहीत आहे: "वायव्य, रोहिणी आणि ब्रह्महृदय यांच्या मधल्या रेषेच्या जरा खाली, अंदाजे ५५-६० अंश उंच, मागे माग दोन सेकंद." माझा एकूण आकडा तासाला नऊ. आमच्या आकाशात काल धुरकं होतं.

उल्का जळतात साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर. एकाच उल्केकडे तीन ठिकाणांहून तीन रेषा टाकता येतात. डोंबिवलीहून व्याध आणि प्रश्वा यांच्या मध्ये, म्हणजे आग्नेयेला थोडं दक्षिणेकडे, ५५-६० अंश. पुण्याहून वायव्येला जवळपास तेवढ्याच उंचीवर. वाईहून उत्तर-वायव्येला चाळीसेक अंशांवर. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पट्टीने रेषा मारल्या. वाईची रेषा थोडी बाजूने जाते, वहिनींनी हाताने कोन मोजला असणार. पण डोंबिवली आणि पुण्याच्या रेषा खोपोली आणि लोणावळ्याच्या मध्ये कापतात. दोन्हींकडून उंची जुळवली तर ९० किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे ती बोरघाटाच्या बरोब्बर डोक्यावर फुटली.

सासूबाईंना सांगा, त्यांच्या साक्षीशिवाय हे झालं नसतं. माझ्या एकट्याच्या वहीत ती नुसतीच "वायव्येला एक मोठी" एवढीच राहिली असती. व्याध-प्रश्वा ही खूण कोणी सांगितली त्यांना?

---

डोंबिवलीकरीण | १५ डिसेंबर, दुपारी १:२०

कोणीच नाही. त्या पोलादपूरच्या. म्हणाल्या, "लहानपणी अंगणात झोपायचो, व्याध आम्हाला माहीत आहे." प्रश्वा नाव मी नंतर ॲपमध्ये बघितलं, त्या "व्याधाच्या डावीकडचा मोठा" म्हणाल्या होत्या.

---

रुमालवाला | १५ डिसेंबर, दुपारी २:००

ठाकुर्लीहून शून्य. गच्चीला कुलूप. खिडकीतून दीड तास समोरच्या बिल्डिंगचा एसी बघितला.

---

तुटका_तारा | १५ डिसेंबर, दुपारी २:१५

बोरघाटावरून गेली म्हणता. टोल भरला का?

आणि भटक्याकाका कुठे आहेत? ते तर घाटाकडेच निघाले होते ना?

---

वाळवंटी_माणूस | १५ डिसेंबर, दुपारी ३:३०

अल कुद्रा: दोन तासांत ९०च्या वर, मग मोजणं सोडलं. थालीपिठं अकरालाच संपली.

---

भटक्या_६२ | १५ डिसेंबर, रात्री ९:१०

आहे, आहे. वाचतोय सकाळपासून.

पवनेला पोचलो होतो, नाही असं नाही. पण तिथे आमच्यासारखेच शंभर जण, प्रत्येक गाडीचे हेडलाइट चालू, एका टोळक्याचा स्पीकर. साडेबाराला वैतागून परत निघालो. लोणावळा ओलांडून घाट उतरलो आणि खालच्या फूड मॉलला चहाला थांबलो. बिलावर वेळ छापलेली आहे, १:१४. वडापाव गरम येईपर्यंत उभाच होतो. माझ्या डोक्यावर तीस-चाळीस फोकस.

म्हणजे जवळजवळ माझ्याच डोक्यावर फुटली, असंच ना?

---

खमध्य | १५ डिसेंबर, रात्री ९:२५

नकाशाप्रमाणे, तुमच्यापासून फार तर दहा-पंधरा किलोमीटर बाजूला. आणि नव्वद वर.

---

तुटका_तारा | १५ डिसेंबर, रात्री ९:२७

वडापाव कसा होता?

---

भटक्या_६२ | १६ डिसेंबर, सकाळी ६:५०

गार.

---

भटक्या_६२ | २० जानेवारी २०२४, सकाळी ९:००

धागा वर काढतोय. पेंच व्याघ्र प्रकल्पाला, आपल्या महाराष्ट्रातल्या बाजूला, भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे झाकून, खाली वळवून आकाश राखलंय. पुढच्या डिसेंबरात नागपूरमार्गे जायचा बेत आहे, पण तेव्हा चंद्र जवळपास पूर्ण असणार असं खमध्य म्हणतात.

डोंबिवलीकरीणताई, तुमच्या टाकीआड पाचव्या माणसाला जागा आहे का? सतरंजी मी आणेन.

---

डोंबिवलीकरीण | २० जानेवारी, सकाळी ११:३०

आहे. चंद्र असला तरी या, सासूबाई म्हणतात. नवऱ्याच्या बाजूला झोपा म्हणजे झालं.

फोकसचं कमिटीत ठरलं: रात्री अकरानंतर बंद, चोर आला तर वॉचमन लावेल. सेक्रेटरीकाकांनी फक्त एक अट घातलीय, पुढच्या वेळी त्यांनाही उठवायचं.